गोडाची जीभ आणि कमरेचा घेर: जनुकांच्या हातात नेमकं किती?

आखाजीच्या पंगतीत आमरसाचं पातेलं फिरायला लागलं की कुणीतरी पहिला घोट घेऊन साखरेचा डबा मागतो. त्याच्या शेजारी बसलेली आत्या तोच रस चाखून म्हणते, "अजून किती गोड पाहिजे रे भाऊ, माझा तर घसा धरला." रस एकाच पातेल्यातला, आंबा एकाच पेटीतला, आणि दोघंही खरं बोलत असतात. गोडाची तीव्रता माणसागणिक खरोखरच वेगळी लागते. त्या फरकातला काही भाग आईवडिलांकडून जनुकांतून येतो.

पंगत उठली की याच फरकावरून पुढचं बोललं जातं: "त्याची जीभच गोडाची, म्हणून अंग सुटलंय." इथे घाई होते. गोड किती कळतं, गोड किती आवडतं आणि वजन किती वाढतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी आपोआप ठरते असं आपण धरून चालतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी हे दोर ओढून पाहिले, तेव्हा ते वाटले होते त्यापेक्षा बरेच कच्चे निघाले. एका ठिकाणी तर दोर उलट्याच दिशेला गेलेला सापडला.

जिभेवर काय घडतं

आरशासमोर जीभ बाहेर काढली की टोकाकडे लालसर गोल ठिपके दिसतात. त्यांच्यात रुचिकलिका असतात. जिभेच्या मागच्या भागात आणि कडांनाही त्या असतात. एका रुचिकलिकेत साधारण ५० ते १०० पेशी लसणाच्या गड्ड्यातल्या पाकळ्यांसारख्या एकमेकींना बिलगून उभ्या असतात. या पेशी सतत झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, बहुतेकींचं आयुष्य दहा-बारा दिवसांचं. गोड फक्त टोकाला आणि कडू फक्त मागे कळतं, हा शाळेच्या पुस्तकातला जिभेचा नकाशा चुकीचा आहे. सगळ्या चवी थोड्याफार फरकाने जिभेच्या सगळ्याच भागांवर कळतात.

गोड ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनांची जोडी बसलेली असते. त्यांची नावं टी१आर२ आणि टी१आर३. दोघं मिळून गोडाचा रिसेप्टर होतो. २००१ च्या आसपास अनेक प्रयोगशाळांच्या कामातून ही जोडी उलगडली. गूळ, साखर, मध, केळं, सॅकरिन या सगळ्यांची वर्दी मेंदूकडे मुख्यतः याच एका दारातून जाते. कडूसाठी माणसाकडे सुमारे २५ वेगवेगळे रिसेप्टर आहेत. विषं नाना तऱ्हेची असतात, त्यामुळे पहारेकरीही बरेच लागतात. गोडासाठी मात्र ही एकच जोडी.

जोडीतलं एक प्रथिन गेलं तर काय होतं हे मांजरीत दिसतं. मांजरकुळात टी१आर२ चं जनुक निकामी झालेलं आहे. हे २००५ मध्ये सिद्ध झालं. घरातली मांजर पेढ्यावर झडप घालते ती खव्यातल्या स्निग्धतेसाठी, साखर तिला कळतच नाही. माणसालाही हा अनुभव अर्धा तास घेता येतो. मध्य आणि पश्चिम भारतातल्या रानात गुडमार नावाची वेल असते. तिचं पान चावून जिभेवर फिरवलं आणि मग चिमूटभर साखर टाकली, तर साखर वाळूसारखी लागते. पानातली आम्लं टी१आर३ ला अडवून धरतात. अर्ध्या-पाऊण तासात चव परत येते. हे जिभेपुरतं झालं. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असताना गुडमारची पावडर मनाने घेऊ नये, रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते.

रिसेप्टरवर साखर बसली की पेशीच्या आत गस्टड्युसिन नावाचं प्रथिन जागं होतं, मग कॅल्शियम सुटतं आणि शेवटी ट्रिपएम५ नावाची झडप उघडून मज्जातंतूकडे निरोप जातो. ही झडप तापमानाला हळवी आहे. १५ अंशांना ती आळसावते, ३५ अंशांना जोरात चालते. फ्रीजमधून काढलेला आमरस फिका लागतो याचं मोठं कारण हेच. स्वयंपाकघरात थंडगार रस चाखून साखर वाढवली आणि पंगतीत येईपर्यंत रस कोमट झाला, तर तोच रस आत्याचा घसा धरतो. रस ज्या तापमानाला वाढायचा, त्याच तापमानाला चाखावा.

जनुकांचे पाठभेद

या दोन प्रथिनांची जनुकं आपल्या पहिल्या गुणसूत्रावर आहेत. नावं टीएएस१आर२ आणि टीएएस१आर३. जनुक म्हणजे प्रथिन कसं बांधायचं याचा लांबलचक मजकूर. जात्यावरची एकच ओवी एका गावात एका शब्दाने म्हणतात आणि पाच कोसांवर दुसऱ्याने. अर्थ तोच राहतो, ठसका थोडा बदलतो. जनुकांतही असेच पाठभेद असतात.

यातला एक पाठभेद नीट अभ्यासलेला आहे. टीएएस१आर३ च्या सुरुवातीला, जिथून "हे प्रथिन किती बनवायचं" हे ठरतं, तिथे एका अक्षराच्या जागी काहींमध्ये सी असतं आणि काहींमध्ये टी. टी असलेल्यांमध्ये त्या जनुकाचा जोर कमी पडतो आणि साखरेची सौम्य द्रावणं ओळखायला जीभ कमी पडते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साखर कळण्यातल्या माणसामाणसांमधल्या फरकापैकी सुमारे १६ टक्के फरक या जागेवरून समजावता आला. एका जागेसाठी हे खूप झालं. पण उरलेले ८४ टक्के दुसरीकडे आहेत, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. गस्टड्युसिनच्या जनुकातही असे पाठभेद सापडले.

जुळ्यांच्या अभ्यासांतून सगळ्या जनुकांचा एकत्रित वाटा काढता येतो. एकसारखी जुळी आणि साधी जुळी भावंडं यांची उत्तरं किती जुळतात यावरून तो मोजतात. गोड किती तीव्र लागतं यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० टक्के निघतो. गोड किती आवडतं यात तो त्याहून जास्त, जवळपास निम्मा. म्हणजे आवडीवरची जनुकांची छाप गोड कळण्यावरच्या छापेपेक्षा मोठी आहे आणि ती फक्त जिभेवर नाही, मेंदूत आणि यकृतातही आहे. त्याकडे पुढे येऊ.

घरी जीभ तपासायची असेल तर

हे काम स्वयंपाकघरात होतं, फक्त वजनकाटा हवा. चमच्याने मापलं की घोळ होतो, कारण सपाट आणि शिगोशीग चमच्यात दुपटीचा फरक पडू शकतो. ५० ग्रॅम साखर घ्या आणि पाणी घालून एकूण अर्धा लिटर करा. हे १० टक्क्यांचं द्रावण. त्यातलं पाव लिटर दुसऱ्या भांड्यात काढून त्यात पाव लिटर साधं पाणी मिसळा, झालं ५ टक्के. असंच निम्मं-निम्मं करत २.५, १.२५, ०.६, ०.३ आणि ०.१५ टक्क्यांपर्यंत खाली या. एकूण सात भांडी होतील. चिठ्ठी भांड्याच्या बुडाला चिकटवा.

आता सगळ्यात फिक्यापासून सुरुवात करा. तीन सारखे पेले मांडा, दोनांत साधं पाणी आणि एकात द्रावण. मांडणारा वेगळा, चाखणारा वेगळा. चाखणाऱ्याने घोट तोंडात फिरवून थुंकायचा, साध्या पाण्याने चूळ भरायची आणि वेगळा पेला कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा बरोबर आलं यावर विसंबू नये. त्याच पायरीवर पेले बदलून तीनदा लागोपाठ बरोबर आलं तर ते खरं धरावं, कारण अंदाजाने तसं होण्याची शक्यता २७ मध्ये एकच. तसं झालं नाही तर पुढच्या, जास्त गोड भांड्याकडे जावं. बहुतेकांची ओळख ०.३ टक्क्यांच्या आसपास सुरू होते, म्हणजे एका लिटरला जेमतेम ३ ग्रॅम साखर.

चाचणी कुठे बिघडते हे सांगायला हवं. सगळ्यात मोठी चूक पाण्याची. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्याला स्वतःची चव असते. द्रावण फिल्टरच्या पाण्यात आणि साधे पेले बोअरच्या पाण्याचे असं झालं, तर जीभ साखर ओळखत नसते, पाणी ओळखत असते. सगळं एकाच हंड्यातलं घ्या, खोलीच्या तापमानाचं घ्या. चाचणीआधी तासभर चहा, पान, तंबाखू, मिसरी नको. सर्दीतही करू नका. आणि गोडाकडून फिक्याकडे कधीच जाऊ नका. १० टक्क्यांचा घोट घेतल्यावर जीभ काही काळ सुन्नावते आणि खालच्या तीन पायऱ्या पाण्यासारख्या लागतात.

यातून एवढंच समजतं की तुमची जीभ गोड किती लवकर ओळखते. ०.१५ टक्के ओळखणारा माणूस पुरणाचे चार मांडे खाणारा असू शकतो आणि १.२५ टक्क्यांपर्यंत काहीच न कळलेली बाई बिनसाखरेचा चहा पिणारी असू शकते. ओळख आणि आवड यांची सांगड फार सैल आहे.

मग लठ्ठपणाशी संबंध काय?

सोपा तर्क असा होता: ज्याला गोड कमी कळतं तो जास्त साखर घेणार, म्हणून जाड होणार. टीएएस१आर२ मधल्या एका पाठभेदावर हा तर्क तपासला गेला. कॅनडातल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या गटात हा पाठभेद असलेले लोक साखर कमी खात होते. मेक्सिकोतल्या अभ्यासात त्याच पाठभेदाच्या दोन प्रती असलेले लोक कर्बोदकं जास्त खात होते. जनुक तेच, निकाल उलटे. खाण्याची रीत, सोबतची इतर जनुकं, नमुन्याचा आकार हे सगळं वेगळं असलं की इतका छोटा परिणाम इकडचा तिकडे होतो. शिवाय असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. ते आकडे खानदेशातल्या चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या माणसाला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

यकृतातली गोष्ट जास्त रंजक आहे. साखर पोटात गेली की यकृत एफजीएफ२१ नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते मेंदूला सांगतं की गोड पुरे. या जनुकात एक पाठभेद आहे आणि तो असलेल्यांना गोड जास्त हवंसं वाटतं. २०१७ मध्ये डेन्मार्कमध्ये हे दिसलं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे साडेचार लाख लोकांच्या माहितीत तोच पाठभेद पुन्हा तपासला. ते लोक साखर जास्त खात होते हे खरं निघालं, पण त्यांच्या अंगातली एकूण चरबी थोडी कमी होती. आधी म्हटला तो उलटा दोर हाच. मात्र त्यांची कमर नितंबांच्या मानाने किंचित रुंद होती आणि रक्तदाबही किंचित वाढलेला होता.

भारतीय माणसाने ही शेवटची ओळ नीट वाचावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची मोजमापं २००४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. अंगकाठी बारीक, चरबी मात्र आत दडलेली, हा आपला घाट. म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच शिवणकामाची टेप कामाची. पुरुषाची कमर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की लक्ष द्यायचं. बीएमआयची धोक्याची रेषाही आपल्यासाठी २३ पासून सुरू होते, २५ पासून नाही.

वजनावर खरी पकड असलेली जनुकं गोडाची नाहीत, भुकेची आहेत. २००७ मध्ये एफटीओ जनुकाचा पाठभेद सापडला. त्याच्या दोन प्रती असलेले लोक एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जड निघाले. त्यांना "पोट भरलं" ही जाणीव कमी होते. एमसी४आर हे दुसरं जनुक. ते बिघडलं तर लहानपणापासून भूक आवरत नाही. केंब्रिजच्या सदाफ फारूकी यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा लोकांना दिसायला सारखाच पण कमी-जास्त तेलातुपाचा चिकन कोर्मा वाढला आणि नंतर कमी-जास्त साखरेचं मलईचं गोड वाढलं. त्यांनी जास्त स्निग्ध कोर्मा इतरांपेक्षा कितीतरी जास्त खाल्ला. पण जास्त साखरेचं गोड त्यांना इतरांपेक्षा कमी आवडलं. लठ्ठपणाचं इतकं जबर जनुक अंगात असलेली माणसं गोडापासून लांब सरकली. शेवभाजीवरची तर्री आणि भरिताबरोबरच्या पुऱ्या यांचा हिशेब न मांडता एकट्या पेढ्याला गुन्हेगार ठरवणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

बाण उलट्या बाजूनेही फिरतो. २०१८ मध्ये उंदरांना आठ आठवडे चरबीयुक्त खाणं दिलं, तेव्हा त्यांच्या रुचिकलिका सुमारे पाव हिश्श्याने घटल्या. वाढलेल्या चरबीमुळे शरीरभर जी मंद सूज येते, तिने रुचिकलिका नव्याने बनणं मंदावलं. म्हणजे जीभ बोथट म्हणून वजन वाढलं, की वजन वाढलं म्हणून जीभ बोथट झाली, हे एका तपासणीवरून सांगता येत नाही. माणसांतले निकाल अजून एकसारखे नाहीत.

गोडी आणि उष्मांक एकच मानण्याची चूक तर आपल्या दारातलं केळंच दाखवून देतं. रावेर-यावलच्या बागेतून उतरलेल्या हिरव्या केळ्याच्या गरात २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. पिकवण्याच्या चेंबरमध्ये इथिलीन हा फळ पिकवणारा वायू लागला की तो साखरेत बदलत जातो. पूर्ण पिकलं की स्टार्च एक-दोन टक्के उरतो. एकूण कर्बोदकं जवळपास तेवढीच, १०० ग्रॅमला ९० च्या घरात कॅलरी. जिभेला मात्र तुरट घासापासून मधापर्यंतचा फरक कळतो. पिकलेल्या केळ्याची साखर रक्तात लवकर उतरते, त्यामुळे मधुमेह्याला हा फरक महत्त्वाचा आहे. पण "जास्त गोड म्हणजे जास्त कॅलरी" हे गणित इथे सपशेल चुकतं. उलट बाजूला भाकरी, तेल, शेव यांच्यात कॅलरी भरपूर आणि गोडी जवळपास शून्य.

थुंकी पाठवून मिळणाऱ्या जनुक अहवालांत "गोडाची आवड: जास्त" असं छापून येतं. वर सांगितलेल्यांसारख्या पाठभेदांवरून काढलेलं ते अनुमान असतं. त्यावरून आहार ठरवू नये, त्यासाठी पैसेही घालवू नयेत.

जीभ वळवता येते, पण सावकाश

१०० मिलिलिटर चहात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर पडली, की तो चहा गोडीत बाटलीतल्या कोल्ड्रिंकच्या जवळ जातो. असे चार कप म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम सांगितली आहे आणि २५ च्या आत राहिलं तर बरं असं म्हटलं आहे. गूळ आणि मध यांचीही गणती त्यातच होते.

साखर एकदम निम्मी केली की तिसऱ्या दिवशी घरात भांडण होतं. गोडीतला दहा टक्क्यांचा फरक बहुतेकांना जेमतेम कळतो, त्याचा फायदा घ्यावा. चार कपांना ४० ग्रॅम पडत असतील तर दहा दिवस ३६, मग ३२, मग २९, २६, २३, २१. दोन महिन्यांत साखर निम्म्यावर येते. दर वेळी तोला, कारण मुठीने किंवा पातेल्यात ओतून टाकणाऱ्या हाताची चूकच दहा टक्क्यांहून मोठी असते. चहा एकासाठी वेगळा करू नका, सगळ्या घराचा एकत्र उतरवा. आणि चहाबरोबरचे टोस्ट-बिस्किटं मोजा, कमी केलेली साखर तिथून परत येते.

२०१६ मध्ये अमेरिकेतला असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन महिने कमी साखर खाणाऱ्यांना तेवढ्याच साखरेचं पुडिंग आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. त्यांची जनुकं तीच होती, फक्त जीभ बदलली होती. पण मोकळीक मिळाल्यावर ते महिन्याभरात जुन्या साखरेवर परत गेले, कारण आवड फारशी हलली नव्हती. म्हणून उतरवलेलं माप उतरवलेलंच ठेवावं लागतं.

साखरेऐवजीच्या गोळ्या त्याच टी१आर२-टी१आर३ जोडीवर बसतात. सॅकरिन आणि स्टीव्हिया शिवाय काही कडू रिसेप्टरनाही चाळवतात आणि त्यांची जनुकंही माणसागणिक वेगळी, म्हणून एकाच गोळीचा चहा एकाला गोड आणि दुसऱ्याला कडवट लागतो. वजन उतरवण्यासाठी या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

राहिलं खापरावरच्या मांड्याचं पुरण. किलोभर डाळीला किलोभर गूळ ही चालत आलेली रीत. त्यातून दहा मांडे झाले तर एका मांड्यात १०० ग्रॅम गूळ, म्हणजे नुसत्या गुळाच्या ३८० च्या आसपास कॅलरी. यंदा गूळ ९०० ग्रॅम घ्या, पुढच्या आखाजीला ८००. पाऊण किलोच्या खाली गेलं की पुरण कोरडं पडतं, भेगा जातात आणि हातावर मोठा करताना मांडा फाटतो. गूळ वितळून पाक होतो आणि तोच पुरणाला ओलावा आणि चिकटपणा देतो. गूळ कमी केला तर डाळ नेहमीपेक्षा मऊ शिजवा, कट पूर्ण निथळू नका, दोन-तीन चमचे डाळीतच राहू द्या, आणि पुरण दोनदा वाटा. चिमूटभर मीठ घातलं की गुळातला कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते. वेलची-जायफळ गॅस बंद केल्यावरच घाला. आधी घातली तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि गोडीचा भास वाढवणारं नाकाचं काम होत नाही. कमी गुळाचं पुरण वैशाखाच्या उन्हात बाहेर टिकत नाही, ते त्याच दिवशी संपवा.